स्वयंपाकघरातला उतारा : शेफ व्हायला गणित कशाला लागतं?



दहावी-बारावीच्या मुलांना पुढे काय करणार असं विचारलं, तर काही जण सांगतात, "हॉटेल मॅनेजमेंट." का, असं विचारलं की एक उत्तर मोठ्याने येतं, "स्वयंपाकाची आवड आहे." दुसरं हळूच येतं, "तिथे गणित नसतं ना!" हे दुसरं उत्तर चुकीचं आहे आणि ते महागात पडतं. घरचे फी भरतात, प्रसंगी कर्ज काढतात. मग हाताला उत्तम चव असलेला मुलगा खर्चाच्या तक्त्यापाशी अडकतो. म्हणून आज आपण बघू, की या शिक्षणात नेमकं कोणतं गणित लागतं आणि कुठे.

सुरुवात प्रवेशापासूनच होते. मुंबईत 1954 मध्ये सुरू झालेली जी संस्था आज दादरला आहे, तशा केंद्रीय हॉटेल मॅनेजमेंट संस्थांसाठी देशपातळीवर प्रवेश परीक्षा होते. त्या परीक्षेत आकडेमोडीचा स्वतंत्र भाग असतो. पण घाबरू नका. लागतं ते शाळेतलंच गणित : गुणोत्तर, टक्केवारी, क्षेत्रफळ-घनफळ आणि मापांची अदलाबदल. फक्त ते पक्कं हवं.

पहिली गोष्ट : उतारा

वरवंडला मी टक्केवारी वेगळी शिकवायची गरज नाही. शेजारी पाटसला साखर कारखाना, आजूबाजूला गुऱ्हाळं. 'यंदा उतारा किती?' हा प्रश्न इथल्या पारावर रोजचा. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये एफआरपी होती. त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 32 पैसे जास्त. म्हणजे उसाच्या वजनापेक्षा त्यातून काय निघतं, यावर भाव ठरतो.

स्वयंपाकघरात अगदी हेच चालतं. समजा, शेंगांचा मटार 60 रुपये किलो आहे आणि 10 किलो शेंगा सोलल्यावर 4 किलो दाणे निघाले. उतारा झाला 40 टक्के. मग दाण्यांचा भाव किती? 600 रुपयांत 4 किलो, म्हणजे 150 रुपये किलो. ज्याने पदार्थाच्या हिशोबात 60 धरले, तो दर किलोमागे 90 रुपये खिशातून घालतो.

आता उलटं गणित. 4 किलो दाणे हवेत, तर शेंगा किती आणायच्या? मुलं म्हणतात, "60 टक्के वाया जातं, तर 60 टक्के जास्त आणू." म्हणजे 6 किलो 400 ग्रॅम. त्यातून दाणे निघतील जेमतेम 2 किलो 560 ग्रॅम, आणि पंगत अर्ध्यावर अडेल. इथे बेरीज चालत नाही, भागाकार लागतो : 4 भागिले 0.40, म्हणजे 10 किलो.

दुसरी गोष्ट : टक्के कशाचे?

हाच भागाकार विक्रीच्या भावात येतो. समजा, एका थाळीला 45 रुपयांचा माल लागतो. मालाचा खर्च विक्रीच्या 30 टक्के ठेवायचा आहे. बाकीच्या 70 टक्क्यांत आचारी-वाढप्यांचा पगार, गॅस, वीज, भाडं आणि नफा. भाव किती ठेवाल? 45 वर 70 टक्के चढवले तर 76 रुपये 50 पैसे होतात. बरोबर उत्तर आहे 45 भागिले 0.30, म्हणजे 150 रुपये. एकात टक्के खर्चाचे आहेत, दुसऱ्यात विक्रीचे. महामार्गावर धाबा काढा, नाहीतर गावात खानावळ. गर्दी असूनही धंदा बसतो, तेव्हा अशी एखादी चूक आत दडलेली असू शकते. म्हणून टक्के दिसले की आधी विचारायचं, 'कशाचे?'

बेकरीत तर याची फारच गंमत आहे. तिथे पीठ नेहमी 100 टक्के धरतात. पाणी 60, मीठ 2, यीस्ट 1. बेरीज 163! मुलं म्हणतात, "सर, शंभराच्या वर कसं गेलं?" कारण प्रत्येक टक्का पिठाचा आहे, एकूण गोळ्याचा नाही. आता 50 ग्रॅमच्या गोळ्याचे 100 पाव करायचेत. एकूण 5 किलो कणीक हवी. 5 भागिले 1.63, म्हणजे मैदा साधारण 3 किलो 70 ग्रॅम. बाकीचं त्यावरून काढायचं.

तिसरी गोष्ट : आठपट म्हणजे सगळंच आठपट नाही

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. समजा, 2 लिटर रस्सा तासभर उघडा उकळला, त्यातलं अर्धा लिटर पाणी उडालं. आता तोच रस्सा 16 लिटर करायचाय. पातेलं सगळ्या बाजूंनी दुप्पट घेतलं. आत मावतं आठपट, पण तोंडाचं क्षेत्रफळ होतं फक्त चौपट. वाफ जाते ती तोंडातून. म्हणजे ढोबळमानाने तासाला 2 लिटर उडेल, 4 नव्हे. पाणी डोळे मिटून आठपट घातलं, तर रस्सा पाणचट! लग्नातला मुरलेला आचारी पाणी हात राखून घालतो. सूत्र त्याने कागदावर लिहिलेलं नसतं, एवढंच.

याच गणिताची दुसरी बाजू जिवावर बेतू शकते. मोठं पातेलं हळू निवतं, कारण अन्न जास्त आणि उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग त्या मानाने कमी. साधारण 60 ते 5 अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. रात्री उरलेला भात त्याच मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला, तर मधला भात तासन्‌तास त्या पट्ट्यात राहतो. म्हणून तो पसरट परातीत पातळ पसरून लवकर गार करायचा आणि थंड जागी ठेवायचा. हा स्वच्छतेचा नियम आहे, पण त्याच्या मुळाशी क्षेत्रफळ आणि घनफळ आहे.

हे आपल्याला परकं आहे का?

मुळीच नाही. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. जुन्या पिढीने पावकी, निमकी, दीडकी पाठ केली होती. 1956 च्या कायद्याने दशमान मापं आली आणि ती कोष्टकं मागे पडली. एक फरक मात्र ध्यानात घ्या. पायली आकारमान मोजते, किलो वजन. एक वाटी मैदा दाबून भरला की वजन वाढतं. म्हणून बेकरीत वाटी बाजूला ठेवून काटा वापरतात.

पालकांना आणि शिक्षकांना एवढंच सांगेन : ज्याला स्वयंपाकाची आवड आहे, त्याच्या हाती घरातला वजनकाटा आणि एक वही द्या. महिनाभर रोज एक भाजी निवडण्याआधी आणि निवडल्यानंतर तोलायची. उतारा काढायचा, खरा भाव काढायचा. मेथीचा वेगळा येईल, फ्लॉवरचा वेगळा. महिन्याअखेरीला त्या मुलाला टक्केवारी तर येईलच. शिवाय आपल्याला गणित जमतं, हेही त्याला कळेल. मग त्याने खुशाल हॉटेल मॅनेजमेंटला जावं.