ग्रुप उडाला म्हणजे संपला, असं नाही

२२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. त्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर ओलांडून महाडमध्ये शिरली आणि बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. वीज गेली, मोबाइलची रेंजही गेली. अशा दिवशी जिथं कुठं नेटवर्क शिल्लक असतं तिथून एखादा निरोप गावाच्या ग्रुपवर पडतो, आणि मुंबईकर मंडळींना आपली वाडी सुखरूप आहे की नाही ते कळतं. म्हणून महाड-पोलादपूरच्या माणसाला गावाचा फेसबुक किंवा व्हॉट्सॲप ग्रुप ही करमणुकीची गोष्ट वाटत नाही. असा ग्रुप कंपनीच्या यंत्रानं चुकून काढून टाकला तर तो परत मिळवता येतो का? बहुतेक ॲडमिन प्रयत्न न करताच ‘नाही’ म्हणतात. त्यांच्या या ‘नाही’मागं काही पक्के गैरसमज आहेत.

पहिला आणि सगळ्यात घातक समज असा, की कंपनीनं ग्रुप काढला म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार. वस्तुस्थिती अशी, की पहिला निर्णय बहुतेक वेळा माणूस घेतच नाही. संगणकप्रणाली फोटो किंवा मजकूर पाहून तो नियमभंग असण्याची शक्यता किती, एवढाच अंदाज बांधते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की कारवाई करते. दरडीच्या चिखलातून बाहेर काढलेल्या माणसाचा फोटो मदत मागण्यासाठी टाकलाय की सनसनाटीसाठी, हे तिला समजेलच असं नाही. ही शंका कंपन्यांच्या विरोधकांपुरती नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीनं, मेटानं, स्वतःच लिहून दिलं, की डिसेंबर २०२४ मध्ये रोज लाखो पोस्ट काढल्या जात होत्या आणि त्यातल्या दर दहा कारवायांपैकी एक ते दोन चुकीच्या असाव्यात. पुढं जून २०२५ मध्ये जगभरातले हजारो फेसबुक ग्रुप एकाएकी बंद झाले. पक्ष्यांचे फोटो टाकणाऱ्या ग्रुपवर नग्नतेचा ठपका आला. मेटानं तांत्रिक बिघाड मान्य केला आणि दुरुस्ती सुरू असल्याचं सांगितलं. तेव्हा ‘तुमचा ग्रुप नियमांविरुद्ध आहे’ ही सूचना खटल्याच्या निकालासारखी वाचू नये. तो एक अंदाज आहे, आणि पुरावा दिला तर तो बदलू शकतो.

दुसरा समज गावकीच्या भांडणातून येतो: विरोधी गटानं पन्नास जणांकडून रिपोर्ट मारले म्हणून ग्रुप गेला. फेसबुकचं जाहीर धोरण असं, की रिपोर्टच्या संख्येवर निर्णय ठरत नाही. रिपोर्टमुळं ग्रुप तपासणीत येऊ शकतो, एवढंच. व्हॉट्सॲपचं गणित वेगळं आहे. तिथले संदेश कूटबद्ध असल्यानं कंपनी ते वाचू शकत नाही. ग्रुपचं नाव, वर्णन, फोटो, एकाच वेळी ढिगानं संदेश पाठवण्याची पद्धत आणि रिपोर्ट करणाऱ्याकडून गेलेले शेवटचे काही संदेश यांवर तिची कारवाई चालते. १५ मे ते १५ जून २०२१ या एका महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात सुमारे २० लाख खाती बंद केली, त्यातली ९५ टक्क्यांहून अधिक अशा ढिगानं संदेश पाठवण्यावरून. म्हणून पुराचा इशारा एकापाठोपाठ पन्नास ग्रुपना फॉरवर्ड करणारा भला कार्यकर्ताही स्पॅमवाला ठरू शकतो. शत्रू शोधत बसण्यापेक्षा यंत्राला काय दिसलं असेल हे शोधणं जास्त उपयोगी.

तिसरा समज: कंपनी परदेशी आणि खासगी, आपलं कोण ऐकणार? इथं मला ठामपणे सांगावंसं वाटतं, की भारतात याला कायद्याची वाट आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत भारतीय वापरकर्ते असलेल्या कंपनीनं स्वतःहून मजकूर काढला, तर वापरकर्त्याला कारण कळवणं आणि आक्षेप घेण्याची संधी देणं तिच्यावर बंधनकारक आहे. स्वयंचलित साधनांवर माणसाची देखरेख असावी, असंही त्याच नियमांत आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं २४ तासांत पोच द्यायची असते; निकालासाठी मूळ नियमांत १५ दिवसांची मुदत होती. त्यानंही समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडं जाता येतं. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीनं ही सोय आली आणि मार्च २०२३ पासून समित्यांचं काम ऑनलाइन सुरू आहे. त्यासाठी महाडहून दिल्लीला जावं लागत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की गावचा ॲडमिन एवढा पत्रव्यवहार कुठं करत बसेल? पण मजकूर चार ओळींचा लागतो: ‘हा महाड-पोलादपूर परिसरातला पूर आणि दरडींची माहिती देणारा ग्रुप आहे. अमुक तारखेला अमुक कारण देऊन तो काढला. संबंधित फोटो मदतकार्याचा असून त्यात हिंसेचं समर्थन नाही. कृपया माणसाकडून फेरतपासणी व्हावी.’ सोबत सूचनेचा स्क्रीनशॉट, ग्रुपची लिंक आणि तक्रारीचा क्रमांक. शिव्या, धमक्या किंवा एकच अर्ज वीस जणांनी पाठवणं यानं काम पुढं सरकत नाही. अपिलाची मुदत सूचनेत दिलेली असू शकते. ती चुकवू नये. आधी ॲपमधलीच फेरतपासणी मागावी, मग तक्रार अधिकारी, मग समिती.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मग हे यंत्रच बंद करा. हे मला पटत नाही. धरण फुटल्याच्या खोट्या बातम्या पुराच्या रात्रीच सगळ्यात जोरात धावतात, आणि रोजच्या कोट्यवधी पोस्ट माणसांनी वाचणं अशक्य आहे. मात्र दहा लाख पोस्ट तपासणारं यंत्र शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर असलं तरी दहा हजार निर्णय चुकतात. यंत्र हवंच असेल तर या दहा हजारांसाठी माणूसही हवा. आपण अपील केलं नाही, तर त्या माणसापर्यंत प्रकरण पोचतच नाही.

घाईनं केलेली दोन कामं मात्र नुकसान वाढवतात. एक, त्याच नावाचा नवा ग्रुप लगेच काढणं. नियमभंगावरून काढलेल्या ग्रुपच्या ॲडमिनना काही काळ नवा ग्रुप करण्यास फेसबुक मनाई करतं, आणि बंदी चुकवण्याचा प्रयत्न म्हणून नवा ग्रुपही जाऊ शकतो. दोन, ‘पैसे द्या, ग्रुप परत आणतो’ म्हणणाऱ्या दलालाला ओटीपी सांगणं. असा कुठलाही अधिकृत दलाल नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करावी.

पुढचा पावसाळा येण्याआधी प्रत्येक गावाच्या ग्रुपला किमान दोन विश्वासू ॲडमिन नेमा. वाडीवाडीच्या संपर्कांची यादी ग्रुपबाहेर, वहीत लिहून ठेवा. आणि ग्रुप गेलाच, तर सूचनेचा स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी अपील करा.