माळावरची कोल्हेकुई: पाच गैरसमज

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातलं कर्नाटक सीमेलगतचं गाव. सोलापूर जिल्ह्याच्या माळरानांवर लांडगा, कोल्हा, खोकड आणि तरस यांचा वावर आहे, आणि मेंढपाळांचं त्यांच्याशी वैर जुनंच. आता मोबाइलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओही दिसतात: जखमी सशाचा आवाज काढायचा, कोयोट (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) जवळ आला की गोळी घालायची. त्यातून बळावणारे काही समज तपासून पाहू.

गैरसमज १: कोल्हा-खोकड मारायला बंदी नाही.
वस्तुस्थिती: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि तो सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लांडगा आणि तरसाप्रमाणे कोल्हा व खोकडही पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड होतो.

गैरसमज २: प्राणी मेला तरच शिकार.
वस्तुस्थिती: फास लावणं, हाका घालून हुसकणं, आमिष दाखवणं, विष घालणं आणि यांतला नुसता प्रयत्नही कायद्याच्या लेखी शिकारच. मारण्यासाठी आवाज काढून प्राण्याला बोलावलं, तर नेम चुकला म्हणून सुटका होत नाही.

गैरसमज ३: कोल्हेशिंग जवळ असलं की बरकत येते.
वस्तुस्थिती: कोल्ह्याला शिंग नसतं. कातडं आणि केस गुंडाळून, शेंदूर फासून ते बनवतात. फसवणूक होते ती होतेच, शिवाय त्यापायी कोल्हे मारले जातात.

गैरसमज ४: कोल्हेकुई म्हणजे अपशकुन.
वस्तुस्थिती: कोल्हे जोडीनं किंवा कुटुंबानं राहतात. ते ओरडतात ते एकमेकांचा ठावठिकाणा कळावा आणि शेजारच्या कोल्ह्यांना आपली हद्द समजावी म्हणून.

गैरसमज ५: मारत राहिलं की त्रास संपतो.
वस्तुस्थिती: अमेरिकेचं सरकारी खातंच दरवर्षी ५० हजारांहून अधिक कोयोट मारतं. तरीही मूळचा पश्चिमेकडचा हा प्राणी अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पसरला. मोकळ्या झालेल्या जागेत नवे येतात आणि उरलेल्यांची जास्त पिल्लं जगतात. आपल्याकडे लांडग्याची गोष्ट उलटी आहे: देशभरात ते जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरलेत. शिवाय कोल्हा, खोकड शेतातले उंदीर खातात, बोरांवरही ताव मारतात. ते गेले की पिकाला उंदरांचा उपद्रव वाढतो.

मेंढरं वाचवायची तर रात्री वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) घट्ट हवी, राखणीला कुत्रं हवं आणि मेलेली जनावरं वाड्याजवळ टाकायची नाहीत. शेळी किंवा मेंढी मारली गेलीच, तर पंचनाम्याआधी ती हलवू नका. ४८ तासांत वनखात्याला कळवा, हेल्पलाइन १९२६. लांडगा, कोल्हा आणि तरस या तिघांनी केलेल्या नुकसानीला राज्यात भरपाई मिळते. फास लावलात तर मात्र भरपाई मागणाराच आरोपी ठरतो.