उजळत्या ताऱ्याचं गणित

सूर्य दर सेकंदाला सुमारे 42 लाख टनांनी हलका होतो. ना तो फुटतो, ना त्याचे तुकडे उडतात. तो फक्त प्रकाशतो. प्रकाश म्हणजे ऊर्जा, आणि आइन्स्टाइनने दाखवल्याप्रमाणे ऊर्जा म्हणजे वस्तुमान. त्यामुळे जे तेज बाहेर पडलं तेवढं वजन सूर्याच्या खात्यातून कमी झालं. मग ते गेलं कुठे? वाटेवर आहे. सूर्यापासून पृथ्वीच्या अंतरापर्यंत पोहोचायला प्रकाशाला 500 सेकंद लागतात. म्हणजे सूर्याभोवती पृथ्वीच्या कक्षेएवढा गोल कल्पिला, तर त्यात या घडीला सुमारे 210 कोटी टन प्रकाश भरलेला आहे. आता खरा प्रश्न असा, की हा वाटेवरचा प्रकाश आपल्याला ओढतो का? आणि ओढत असेल, तर ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचं नेमकं सूत्र काय?

या प्रश्नाचं पहिलं नेमकं उत्तर 1943 साली बनारसमध्ये मिळालं. ते शोधणारे होते प्रल्हाद चुनीलाल वैद्य, सौराष्ट्रातल्या जुनागढ भागातले पंचविशीतले तरुण शिक्षक. त्यांना वाट दाखवणारे होते कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर. आज बहुतेकांना ते जयंत नारळीकरांचे वडील म्हणून माहीत असतात. ही ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. भारतात सापेक्षतेचा अभ्यास ज्या दोन-चार माणसांमुळे रुजला, त्यांत हे रँग्लर नारळीकर फार वरच्या जागी येतात. त्यांची आठवण काढायची, तर हाच प्रश्न हातात घेऊन काढावी असं मला वाटतं.

नारळीकरांचा जन्म 1908 सालचा. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते 1928 मध्ये केंब्रिजला गेले आणि रँग्लर झाले. त्या काळचं केंब्रिज म्हणजे एडिंग्टनचं केंब्रिज. 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो हे ज्या मोहिमांनी टिपलं, त्यांतल्या एका मोहिमेवर एडिंग्टन स्वतः होते, आणि सापेक्षतेवरचा इंग्रजीतला सर्वांत भारदस्त ग्रंथ त्यांचाच. 1930 मध्ये मद्रासहून सुब्रह्मण्यन चंद्रशेखरही तिथे येऊन पोहोचले होते. अशा ठिकाणी पाय रोवलेल्या माणसाला परत येण्याची घाई नसते. पण पंडित मदनमोहन मालवीयांनी बोलावलं आणि 1932 मध्ये नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. वयाची पंचविशीही अजून गाठली नव्हती.

तेव्हा देशात सापेक्षता कुठे होती? कलकत्त्यात होती. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांनी 1920 मध्येच आइन्स्टाइनच्या निबंधांचं इंग्रजी भाषांतर छापलं होतं आणि निखिलरंजन सेन तिथे हा विषय चालवत होते. त्याखेरीज फारसं काही नाही. नारळीकरांनी बनारसमध्ये दुसरं घर उभं केलं. तेही इतकं पक्कं, की सापेक्षतेवर काम करायचं म्हणून दूरदूरची पोरं गंगेकाठी येऊ लागली.

वैद्य त्यांतलेच एक. मुंबईत गणिताचं एम.एस्सी. झालेले, काही काळ गांधीविचाराच्या कामात गुंतलेले. त्यांनी नारळीकरांशी संपर्क साधला आणि 1942 मध्ये पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन थेट बनारस गाठलं. नोकरी नाही, शिष्यवृत्ती नाही. गाठीशी होती ती दहाएक महिने पुरेल एवढी शिल्लक. वर्ष कोणतं, हेही लक्षात घ्या. जगात महायुद्ध पेटलेलं, ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक उठलेली, आणि बनारस विद्यापीठ त्या चळवळीचं एक धगधगतं केंद्र. त्या गदारोळात एक अनोळखी गुजराती तरुण बायकोमुलीसह दारात उभा राहतो आणि मला सापेक्षता शिकायची आहे म्हणतो. नारळीकरांनी त्याला सामावून घेतलं. गुरू कसा असावा यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र हे एवढंच फार मोठं वाटतं.

आता प्रश्नाकडे येऊ, कारण तो मोठा देखणा आहे.

आइन्स्टाइनने नोव्हेंबर 1915 मध्ये आपली गुरुत्वाकर्षणाची समीकरणं पूर्ण केली. त्यांचं अचूक उत्तर कुणी काढील असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. पण काही आठवड्यांतच कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ते काढलं. तो तेव्हा सैन्यात, रशियन आघाडीवर होता. पुढच्याच मे महिन्यात तो वारला. त्याच्या उत्तराने एका गोलाकार ताऱ्याभोवतीचं अवकाश कसं वक्र होतं हे सांगितलं. कृष्णविवराची कल्पना त्याच सूत्राच्या पोटात होती. मात्र त्यात एक गृहीत होतं. ताऱ्याबाहेर काहीही नाही, सगळं रिकामं.

1923 मध्ये बर्कहॉफ या अमेरिकी गणितज्ञाचं प्रमेय प्रसिद्ध झालं आणि या गृहीताची ताकद कळली. बाहेर रिकामं असेल आणि तारा गोल असेल, तर बाहेरचं गुरुत्वीय क्षेत्र कधीच बदलू शकत नाही. तारा आतल्या आत फुगो, आकसो, धडधडत राहो, बाहेरच्याला त्याचा पत्ता लागत नाही. वस्तुमान म्हणून जो आकडा सूत्रात बसला, तो कायमचा बसला.

पण तारे तर प्रकाशतात! प्रकाशतो तो तारा हलका होणारच. सूत्र म्हणतं वस्तुमान बदलता येत नाही, आणि आकाशातला प्रत्येक तारा ते क्षणोक्षणी बदलतो आहे. तर मग ताऱ्याचं वजन घटल्याची वार्ता बाहेरच्या अवकाशाला लागते तरी कशी?

उत्तर इतकं साधं आहे की ते कळल्यावर अंगावर काटा येतो. बाहेर रिकामं नाहीच. बाहेर प्रकाश आहे, आणि वार्ता तोच नेतो. नेतो म्हणण्यापेक्षा, तो प्रकाश म्हणजेच ती वार्ता. समजा सूर्याने आत्ता एक झोत सोडला. तो पृथ्वीपर्यंत पोहोचायला 8 मिनिटं 20 सेकंद लागतील. तोवर तो झोत आपल्या कक्षेच्या आतच आहे, म्हणून आपल्यापुरतं सूर्याचं वजन कमी झालेलंच नाही. सूर्यात उरलेलं वस्तुमान आणि वाटेवरचा प्रकाश मिळून आपल्याला पूर्वीइतकंच ओढतात. झोत आपल्याला ओलांडून पुढे गेला की त्या क्षणी आपल्यासाठी सूर्य तेवढा हलका होतो.

याचा एक परिणाम तर विलक्षण आहे. नेपच्यूनपर्यंत प्रकाश पोहोचायला चार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेव्हा आपल्या आणि नेपच्यूनच्या कक्षांमधला सगळा प्रकाश नेपच्यूनच्या हिशेबात धरला जातो, आपल्या हिशेबात नाही. म्हणून नेपच्यूनला जाणवणारा सूर्य आपल्याला जाणवणाऱ्या सूर्यापेक्षा सहा हजार कोटी टनांहून जास्त जड आहे. तारा एकच, पण किती लांबून त्याची ओढ जाणवते यावर त्याचं वजन ठरतं. (सूर्यापासून सौरवाऱ्याचे कणही सतत उडत असतात. तो हिशेब इथे धरलेला नाही.)

वैद्यांनी ही गोष्ट आइन्स्टाइनच्या समीकरणांतून अचूक उत्तराच्या रूपात काढली. ‘करंट सायन्स’ या बंगळुरूच्या नियतकालिकात 1943 मध्ये ती प्रसिद्ध झाली. टिपण छोटंसं, आणि त्यावर नाव एकट्या वैद्यांचं. हे मुद्दाम सांगतो. विषय नारळीकरांचा, विभाग त्यांचा, मार्गदर्शन त्यांचं, आणि विद्यार्थी येऊन वर्षही न झालेला. तरीही निबंधावर नारळीकरांचं नाव नाही. आज जगभर या उत्तराला वैद्य मेट्रिक म्हणतात. 1999 मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने सापेक्षतेतल्या जुन्या मौल्यवान निबंधांच्या मालेत ते टिपण पुन्हा छापलं. छपन्न वर्षांपूर्वीचं, पारतंत्र्यातल्या एका शहरातलं, पदरचे पैसे खर्चून केलेलं काम.

पहिल्या मांडणीत एक अडचण होती. ताऱ्याचं वस्तुमान जागेवरही अवलंबून आणि वेळेवरही, त्यामुळे सूत्र बोजड. दहा वर्षांनी, 1953 मध्ये ‘नेचर’मधल्या एका टिपणात वैद्यांनी त्यावर तोड काढली. वेळ मोजण्याची रीतच त्यांनी बदलली. दूरच्या नातलगाचं पत्र येतं तेव्हा आपण ते मिळालेली तारीख बघत नाही, वर कोपऱ्यात लिहिलेली तारीख बघतो, कारण मजकूर त्या दिवसाचा असतो. वैद्यांनी प्रत्येक किरणाला तो ताऱ्यावरून निघाला ती वेळ चिकटवली आणि तीच घड्याळ म्हणून वापरली. लगेच सगळा गुंता सुटला. वस्तुमान आता केवळ या एका वेळेवर अवलंबून राहिलं आणि सूत्र एका ओळीत मावलं. श्वार्झशिल्डच्या सूत्राशेजारी ठेवलं तर दोघं सख्खी भावंडं वाटतात.

सूर्याच्या बाबतीत हा सगळा परिणाम अतिसूक्ष्म आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. सूर्याने प्रकाशातून एका पृथ्वीएवढं वस्तुमान गमवायला साडेचार कोटी वर्षं लागतात. त्याच्या घटत्या वजनामुळे पृथ्वीची कक्षा वर्षाला जेमतेम एक-दीड सेंटिमीटरने रुंदावते. म्हणून कितीतरी वर्षं वैद्यांचं काम हे एक सुंदर पण निरुपयोगी गणित समजलं गेलं. 1963 मध्ये क्वेसार ओळखले गेले, आकाशगंगांनाही लाजवील एवढं तेज ओकणारे, आणि प्रचंड विकिरण करणाऱ्या पिंडांचं गुरुत्वाकर्षण हा एकदम कळीचा विषय झाला. अतिनवताऱ्यांचं उदाहरण तर त्याहून जोरकस आहे. मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळतो तेव्हा दहाएक सेकंदांत सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ऊर्जा न्यूट्रिनोंच्या रूपाने बाहेर पडते. 23 फेब्रुवारी 1987 रोजी अशा एका स्फोटातले दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या उपकरणांनी पकडले. तिथे वजन घटतं ते किरकोळ नव्हे.

नारळीकरांच्या हाताखाली एकटे वैद्यच घडले असं नाही. सापेक्षतेत ‘करमरकर अट’ म्हणून जी ओळखली जाते आणि अतिघन ताऱ्यांची प्रारूपं रचणारे आज सर्रास वापरतात, ती 1948 मधली. ती मांडणारे करमरकर नारळीकरांचे सहसंशोधक होते. पण मला बनारसमधल्या घराचीही गोष्ट सांगायची आहे. जयंतरावांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की वडिलांनी मुलांसाठी घरात फळे बसवून घेतले होते. पुढे मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे त्यांचे मोरूमामा, शिकायला बनारसला राहायला आले. ते त्या फळ्यावर ‘जेव्हीएन’ला आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवत. सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हात टेकेपर्यंत, ते पुसलं जात नसे. त्या घरात प्रश्न भिंतीवर राहत असे, येता-जाता दिसत असे, आणि उत्तर सांगण्याची कुणाला घाई नसे. चाळीस वर्षांनी मुलांसाठी लिहिणारे, पत्राने प्रश्न विचारणाऱ्या पोराला स्वहस्ते उत्तर पाठवणारे जयंतराव मला तिथेच घडताना दिसतात.

नारळीकर 1960 मध्ये बनारस सोडून राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि नंतर पुणे विद्यापीठात येऊन पुन्हा शिकवू लागले. 1969 मध्ये देशातल्या सापेक्षता-अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. वैद्यांचा प्रवासही बघा. तेही गुजरात लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, मग गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू. खादी, गांधी टोपी आणि सायकल मात्र सुटली नाही. कुलगुरूही सायकलनेच कचेरीत जात. शाळेतल्या पोरांना गणिताची गोडी लागावी म्हणून त्यांनी गुजरातीत ‘सुगणितम्’ हे नियतकालिक चालवलं, आणि स्वतःची ओळख ते आधी गणिताचा शिक्षक अशीच देत. गुरू 1991 मध्ये गेले, शिष्य 2010 मध्ये.

बनारसमध्ये सुरू झालेलं गणित मात्र अजून चालू आहे. वैद्यांचं सूत्र उलटं फिरवता येतं. प्रकाश बाहेर जाण्याऐवजी आत येतो आहे असं धरायचं. प्रकाशाचा कवचासारखा लोट चहूबाजूंनी एका बिंदूवर कोसळतो, वस्तुमान वाढत जातं आणि शेवटी कृष्णविवर तयार होतं. 1969 मध्ये रॉजर पेनरोज यांनी अंदाज मांडला, की निसर्ग असा बिंदू नेहमी कृष्णविवराच्या पडद्याआड झाकूनच ठेवतो. या अंदाजाची कसोटी घेण्यासाठी जी थोडी अचूक उत्तरं हाताशी आहेत, त्यांत वैद्यांचं उत्तर अग्रभागी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले पंकज जोशी आणि त्यांचे सहकारी द्विवेदी यांनी 1989 मध्ये त्याचा बारकाईने अभ्यास केला. प्रकाश वेगाने कोसळला तर पडदा वेळेत पडतो. पण तो पुरेसा सावकाश आत येत असेल, तर काही किरण त्या बिंदूपासून निसटून बाहेर येऊ शकतात. म्हणजे कागदावर तरी तो बिंदू उघडा पडतो. खऱ्या ताऱ्यांच्या जगात असं घडतं का, की गणितात न धरलेली एखादी गोष्ट ते ऐनवेळी रोखते, यावर सापेक्षतेचे अभ्यासक आजही वाद घालत आहेत, आणि तो वाद घालताना वैद्यांचंच सूत्र फळ्यावर लिहिलं जातं.