फाइल डिलीट होत नाही? 'परमिशन नाही' म्हणतोय? आधी हे वाचा



जळगाव असो की धुळे, शाळेतला कॉम्प्युटर एकट्याचा नसतो. सकाळी ऑफिसचं काम, दुपारी मुलांचा तास, संध्याकाळी निकालपत्रकं. मग एखाद्या दिवशी फाइल डिलीट होत नाही, नाहीतर फोल्डर उघडत नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे हेच झालं. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून सी ड्राइव्ह फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकून घेतलं. डी ड्राइव्हवर दहावीच्या अंतर्गत गुणांचा फोल्डर दिसत होता, पण क्लिक केलं की 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. एक सहकारी म्हणाले, "भाऊ, व्हायरस असेल. सगळी डिस्क फॉरमॅट मारून टाका." थोडक्यात वाचलो! गुण जागेवरच होते, फक्त कुलूप लागलेलं होतं. म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवा: आधी कारण ओळखा, मगच हात लावा.

कारण १ : फाइल कुठेतरी उघडी आहे

'फाइल इन यूज' असा संदेश आला तर परवानगीचा प्रश्नच नाही. ती एक्सेलमध्ये किंवा लॅबमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडी असते. काम सेव्ह करून प्रोग्राम बंद करा. तरीही अडलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. तिथे तो प्रोग्राम निवडून 'एंड टास्क' करा. नाहीतर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. बरेचदा तेवढ्यावर काम होतं.

कारण २ : फोल्डर दुसऱ्याच्या नावावर आहे

हे सातबाऱ्यासारखं आहे. शेत आपण घेतलं, पण फेरफार झाला नाही, तर उताऱ्यावर नाव जुन्याच मालकाचं राहतं. विंडोज प्रत्येक अकाउंटला एक वेगळा ओळख क्रमांक देतं. नवीन विंडोज टाकलं की क्रमांक बदलतो, अकाउंटचं नाव तेच ठेवलं तरी! म्हणून मालकाच्या जागी कधी कधी 'एस-१-५' ने सुरू होणारा लांबलचक नंबर दिसतो.

मग काय करायचं?

१. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंटने लॉगिन करा. फोल्डर उघडताना 'कंटिन्यू' विचारलं तर दाबा. बहुतेकदा इथेच उघडतं.
२. नाही उघडलं तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड.
३. वर 'ओनर' समोर 'चेंज' वर क्लिक करा. आपल्या अकाउंटचं नाव टाइप करून 'चेक नेम्स', मग ओके.
४. 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' समोर टिक करून ओके करा. आतल्या फोल्डरांनाही नाव लागेल.
५. पुन्हा प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, अ‍ॅड. आपलं नाव टाकून 'फुल कंट्रोल' द्या. मालकी आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ही पायरी सोडू नका.

फोल्डर विंडोजच्या सोयीने एन्क्रिप्ट केलेला असेल, तर मालकी बदलूनही फाइली उघडत नाहीत. त्याला जुन्या अकाउंटचं सर्टिफिकेट लागतं. म्हणून फॉरमॅट करण्याआधीच बॅकअप घ्या.

कारण ३ : पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड

'राइट प्रोटेक्टेड' आलं तर कार्डाच्या किंवा अडॅप्टरच्या कडेचं छोटं लॉक बटण बघा. बटण ठीक असूनही तेच येत असेल, तर ड्राइव्ह खराब होत असू शकतो. डिलीटच्या मागे न लागता आतला डेटा आधी दुसरीकडे कॉपी करा.

इथे हात लावू नका

'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरांची मालकी स्वतःकडे घेऊ नका. तिथलं कुलूप मुद्दाम लावलेलं असतं. तोडलं तर कॉम्प्युटर सुरूच न होण्याची वेळ येते. जागा अडवणारा 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर काढायचा असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या मार्गाने काढा. त्याआधी त्यातला 'युजर्स' फोल्डर नक्की तपासा. जुनी कागदपत्रं कधी कधी तिथेच सापडतात.

डिलीट करण्याआधी

शिफ्ट धरून डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलीही सहसा जात नाही. त्यामुळे निकाल, दाखले, हजेरी यांची दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर असू द्या.

पालकांसाठी एक सूचना: घरच्या कॉम्प्युटरवर मुलांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर न करता साधं, स्टँडर्ड अकाउंट द्या. मग 'परमिशन नाही' हा संदेश मुलांना अडवेल आणि तुमच्या फाइली राखेल.

माहिती उपयोगी वाटली तर आपल्या शाळेतल्या ग्रुपवर नक्की पाठवा.