पैलवानाचा कान पूर्ववत का होत नाही?

तालमीतल्या जुन्या पैलवानाचा कान पाहिलात? गड्ड्यासारखा, आणि कायमचा. मोडलेला हात प्लास्टरात जुळतो, मग कानानं काय घोडं मारलंय? हाडात रक्तवाहिन्या असतात, कान ज्या कूर्चेचा बनतो तिच्यात नसतात. तिला पोषण वरच्या पातळ आवरणातून झिरपतं. मार बसून कूर्चा आणि आवरणाच्या मध्ये रक्त साचलं की हे पोषण तुटतं.

गंमत म्हणजे रक्तवाहिन्यांची हीच उणीव प्रयोगशाळेत सोयीची ठरते: वाढवताना आत रक्त पोचवावं लागत नाही. त्वचेच्या कर्करोगात नाकपुडीचा भाग गेलेल्या ५ रुग्णांच्या नाकाच्या पडद्यातून बाझलच्या डॉक्टरांनी कूर्चेचा कण घेतला. त्यातल्या पेशी वाढवल्या आणि कोलॅजनच्या पटलावर, मांडवावर वेल चढवावा तशा, रुजवल्या. तयार तुकडा नाकात बसवला. निकाल २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. जबड्याचं जाड हाड असं वाढवणं कठीण, आत रक्त पोचवायचं कसं? दाताचं दुखणं निराळंच: एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात वर येतानाच नाहीशा होतात. पेरायचं काय?