शैलीनियमांचा पुनर्वापर (संकेतपृष्ठांतील)

संकेतपृष्ठावरील अक्षरांचा आकार, रंग, ओळींमधील अंतर इ. ठरविणारे नियम एकदाच लिहून अनेक ठिकाणी लागू करण्याची पद्धती. हे नियम मजकुरापासून वेगळ्या शैलीपत्रकात ठेवतात. त्यांसाठीची सीएसएस ही भाषा होकन व्हिअम ली यांनी १९९४ मध्ये सुचविली. १९९६ मध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ने तिची पहिली शिफारस प्रसिद्ध केली.

गोंदिया जिल्हा (स्थापना १९९९) प्रशासनाच्या संकेतस्थळावर निविदा, भरती, पर्यटन अशा भिन्न विषयांची पृष्ठे मराठी व इंग्रजीत आहेत. अशा स्थळावर प्रत्येक सूचनेपाशी रंग व अंतर निराळे लिहिल्यास पुढे एक बदल करण्यास असंख्य जागा शोधाव्या लागतात व काही हमखास राहून जातात.

एका नियमाने दुसऱ्यास नावाने पाचारण करावे, अशी सर्वमान्य सोय सीएसएसमध्ये नाही. नवशिक्यांची निराशा होते ती येथेच. त्याऐवजी एका घटकास ‘सूचना’ व ‘तातडीची’ असे दोन वर्ग देता येतात. दोहोंत विरोध आल्यास व निवडकांचे बळ समान असल्यास शैलीपत्रकात नंतर आलेला नियम प्रभावी ठरतो. घटकावर वर्गनामे कोणत्या क्रमाने लिहिली, यास महत्त्व नसते. वारंवार लागणारा रंग चलात साठवितात. काही गुणधर्म मूळ घटकाकडून वारशाने उतरतात. देवनागरीत रेफ, मात्रा व उकार यांमुळे ओळींत रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर लागते. ते मराठी मजकुराच्या मूळ घटकावर एकदा सांगितले की पुरते.

पडद्याची रुंदी वा दर्शकाचा स्पर्श यांनुसार रूप बदलण्यास सीएसएस पुरेशी आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये रचलेली जावास्क्रिप्ट भाषा लागते, ती वाचकाची निवड स्मरणात ठेवण्यासाठी. शासकीय संकेतस्थळांवर अक्षरे मोठी करणारी व रंगविरोध वाढविणारी बटणे असतात. निवडलेले रूप पुढील पृष्ठावरही टिकावे लागते. तेथेही जावास्क्रिप्टने मूळ घटकास केवळ एक वर्ग जोडावा. रंग व मापे शैलीपत्रकातच असावीत. तिने प्रत्येक घटकावर थेट शैली लिहिल्यास ती शैलीपत्रकातील सामान्य नियमांवर मात करते. मग रंगविरोध वाढवूनही काही मजकूर फिकाच राहतो आणि अर्जाची अंतिम तारीख मंददृष्टी वाचकाच्या नजरेतून निसटू शकते. क्षीण जोडणीमुळे जावास्क्रिप्ट पोहोचलीच नाही, तरी मूळ पृष्ठ वाचता आले पाहिजे.