चौथी सही

ग्वाल्हेरपासून समुद्र शेकडो मैल दूर. आपणा लष्करवासीयांचा नौकाविहार म्हणजे फार तर तिघऱ्याच्या जलाशयावरची रविवारची फेरी. तरीही सागरी इतिहासात या शहराला एक मानाचे पान आहे, आणि ते आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. १९१४ च्या अखेरीस माधवराव महाराज शिंदे यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज विकत घेतले. पहिल्या महायुद्धात ते ‘लॉयल्टी’ या नावाने रुग्णालय-जहाज म्हणून वापरले गेले. पुढे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीने ते घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

या परंपरेत माझी भर म्हणजे एका शिडाच्या नौकेचा चौथा हिस्सा!

मुंबईत राहणाऱ्या माझ्या भाच्याने दोन मित्रांसह जुनी यॉट घेण्याचे ठरविले. पैसे थोडे कमी पडले. “मामा, तुम्ही फक्त सही करा,” तो म्हणाला. मी धनादेश दिला आणि सही केली. रुग्णाच्या नातेवाइकांना संमतिपत्र पूर्ण वाचल्याशिवाय सही करू न देणारा मी, त्या दिवशी एक ओळही वाचली नाही.

दुसऱ्याच हंगामात प्रसंग ओढवला. पाहुण्यांसह परतताना नौका धक्क्याला लागत होती. तांडेलाने दोर वेळेवर आवळला नाही आणि पाहुण्यांच्या आठ वर्षांच्या मुलाचा हात नौका व धक्का यांच्यामध्ये सापडला. कोपराजवळचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करावी लागली. मज्जातंतूला इजा झाल्यामुळे अंगठा व तर्जनी जुळेनात. आठवड्यामागून आठवडे मी दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारीत असे, “आज चिमटा जमतो का?”

मुलाच्या वडिलांनी भांडण केले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “विमा असेल ना?”

विमा होता, पण तो नौकेचा. शीड फाटले, डोलकाठी मोडली, नौका बुडाली तर आम्हा चौघांना पैसे मिळाले असते. आमच्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई करणारा भाग, म्हणजे दायित्व विमा, आम्ही घेतलाच नव्हता. वाचलेला हप्ता क्षुल्लक होता. रुग्णालयाचे बिल आम्ही वाटून भरले.

मोटारीच्या बाबतीत अशी चूक सहसा होत नाही, कारण तेथे त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्यानेच बंधनकारक आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नद्या-जलाशयांतील यंत्रचालित जलयानांनाही विमा आवश्यक केला. परंतु कायदा मागतो तेवढ्यावर हौशी मालकाने थांबू नये. नोकराच्या हलगर्जीपणाची भरपाई मालकाला करावी लागते, हे तत्त्व शुश्रूषागृह चालविणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९९५ च्या शांता खटल्यानंतर आपण सर्वांनी व्यावसायिक इन्डेम्निटी पॉलिसी घेतली, ती याच भीतीने.

मात्र दोन्ही विम्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. आपल्या पॉलिसीत सहसा दावा केव्हा दाखल झाला हे पाहतात. म्हणून नूतनीकरण एकदा जरी चुकले तरी मागील वर्षांचे संरक्षण धोक्यात येते. नौकेच्या विम्यात बहुधा अपघात केव्हा घडला हे पाहिले जाते. तेथील जोखीम वेगळी आहे. लंडनच्या विमा बाजारातील १९८५ च्या यॉट-कलमांचा नमुना मी नंतर, उशिरा सुचलेल्या शहाणपणाने, वाचला. त्यात दुसऱ्या नौकेची हानी, माणसाचा मृत्यू वा इजा आणि बुडालेला सांगाडा हलविण्याचा खर्च यांची तरतूद आहे. पण ठरलेल्या रकमेपर्यंतच. पाण्यावर दोराने ओढल्या जाणाऱ्या स्कीइंगपटूला त्यातून वगळले आहे. १७ नॉटपेक्षा अधिक वेगासाठी बांधलेल्या नौकांना निराळ्या अटी आहेत. त्यांपैकी एक अशी की, चालू नौकेवर जाणकार माणूस हजर असला पाहिजे आणि नियंत्रण त्याच्याच हाती असले पाहिजे. शिवाय आपला १९६३ चा सागरी विमा कायदा म्हणतो की, पॉलिसीतील हमी तंतोतंत पाळली पाहिजे, मग ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. ‘अमुक महिन्यांत नौका पाण्यात उतरविणार नाही’ असे लिहून दिले असेल, तर एका रम्य संध्याकाळचा मोहसुद्धा महाग पडू शकतो.

हा सारा हिशेब पैशांचा. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटली. १२ विद्यार्थी व २ शिक्षक गेले. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. ती बातमी वाचताना बालरोगतज्ज्ञ या नात्याने माझ्या मनात भरपाईची रक्कम आली नाही. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर सरकते, हे आले. आमच्या नौकेवर आता मुलांच्या मापाची सहा जॅकेटे आहेत. त्यांचे पैसे मी दिले आणि पट्टे स्वतः ओढून पाहिले.

तो मुलगा चार महिन्यांनी पुन्हा बटणे लावू लागला. त्याचे वडील अजूनही दिवाळीला शुभेच्छा पाठवितात. नौकेवर मात्र पुन्हा आले नाहीत.

यंदा भाच्याने नव्या पॉलिसीचा मसुदा पाठविला. दायित्वाची रक्कम समाधानकारक होती. मी दोन रात्री बसून तो वाचला आणि त्याला फोन केला.

“यात पगारी माणूस वगळला आहे. तांडेलाला काही झाले तर?”

“मामा, त्याची वेगळी पॉलिसी काढावी लागेल.”

“मग ती काढ. तोवर माझी सही थांबली आहे.”